बायनाबाईंच्या खाटेजवळची बैठक

धारूरकडच्या आप्पारावांनी आयुष्यात बैठकीशिवाय निर्णय घेतला नव्हता, आणि बैठकीत दुसऱ्या कुणाचा निर्णय होऊ दिला नव्हता. त्यामुळे आई, बायनाबाई, बीडच्या दवाखान्यात अत्यवस्थ झाली तेव्हा त्यांनी रीतसर बैठक बोलावली. वॉर्डाबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी.

डॉक्टरांनी सांगितलं होतं : फुप्फुसं थकलीत. घशात नळी घालून मशीनवर ठेवता येईल, पण मशीन सुटेलच असं नाही. नाहीतर नळी न घालता, त्रास कमी करत घरी नेता येईल. संध्याकाळपर्यंत ठरवा.

"मशीनच," आप्पाराव म्हणाले. "न्हाईतर लोक म्हनतील, आप्पानं आईला घरी आनून टाकली."

"आप्पा म्हनतील ते," धाकटा भाऊ गहिनीनाथ म्हणाला. पाहुण्यांनी माना हलवल्या. ठराव सर्वानुमते मंजूर.

तेवढ्यात सत्यशीला सिस्टर आल्या. "आजी काय म्हनल्या?"

विरोधी पक्षालाही हा प्रश्न कधी सुचला नव्हता.

"तिला कावून तरास द्यायचा?" आप्पाराव म्हणाले.

"शुद्धीत हायत त्या. सकाळीच म्हनल्या, केस नीट बांध, पाव्हणे आलेत." सिस्टरनी सगळ्यांना आत नेलं आणि खाटेपाशी स्टूल सरकवलं. "बसा. उभ्यानं इचारलं की हुकूम वाटतो."

आप्पाराव बसले. 'जेवलीस का' याखेरीज त्यांनी आईला आजवर काही विचारलं नव्हतं.

"आई, नळी घालून मशीनवर ठेवतेत. न्हाईतर घरी. तुला काय वाटतं?"

उत्तर येईना. "तिला म्हनायचंय की–" गहिनीनाथ सुरू झाला. सिस्टरनी नुसतं बोट वर केलं. भल्याभल्यांना गप्प बसवणारे पुढारी आप्पारावांनी पाहिले होते. पण उत्तर ऐकायला असं थांबणारं माणूस पाहिलं नव्हतं. एका म्हातारीच्या श्वासासाठी अख्खी भावकी श्वास रोखून उभी होती.

मास्कखाली ओठ हलले. "नळी नगं. घरी." मग नजर सिस्टरकडे वळली. "पन जीव घाबरला तर?"

"डॉक्टर औषध देतेत. कसं द्यायचं ते मी आप्पांना शिकवते. अडलं तर फोन, मी हाय."

"ह्याला?" म्हातारीचे डोळे हसले. "त्यानं कदी पान्याचा तांब्या उचलला न्हाई!"

सिस्टरनी मास्क जरा वर सरकवला आणि ओला कापूस आप्पारावांच्या हाती दिला. "ओठांपासून सुरू करा."

सभेत उंचावायची सवय असलेला तो हात खाली आला. आईनं ओठ किंचित उघडले. आप्पारावांना वाटलं, आपण पहिल्यांदाच काहीतरी मोठं करतोय.

"आप्पा, पाव्हण्यांना काय सांगू?" गहिनीनाथनं हळूच विचारलं.

आप्पारावांनी वर पाहिलं नाही.

"सांग, आई म्हनती ते."