झेनियाच्या मापाचा दस्ता

नेस्टर काचुरनं आपल्या बापाच्या थ्री नॉट थ्री बंदुकीचा दस्ता सोडवला, ही बातमी गावभर व्हायला एक सकाळसुद्धा लागली नाही. कॉफीच्या टेबलावर त्याचा दोस्त योर्को, त्यानं तर कपाळालाच हात लावला.

"अरे, लष्कराची बंदूक ती! मूळच्या लाकडासकट जशीच्या तशी. लोक असली शोधत फिरतात, आणि तू तिची हाडं मोकळी करतोस?"

"करवत नाही लावली रे बाबा. आत एक लांब बोल्ट असतो, तो फिरवला की दस्ता हातात येतो. जुना खुंटीला टांगलाय. तुझा जीव कशाला वरखाली होतोय?"

"मग नवा कशाला हवा?"

"झेनियासाठी."

योर्को साखर विरघळली तरी चमचा फिरवत बसला. त्या उन्हाळ्यात झेनियाचं नाव निघालं की सगळेच आपापल्या कपात बघायचे.

झेनिया ही नेस्टरची एकुलती एक. चाळिशी नुकती ओलांडलेली, शाळेची बस चालवणारी, तोंडानं फटकळ, आणि हरणाच्या शिकारीत बापापेक्षा काकणभर सरस. दर नोव्हेंबरात बापलेक शेताच्या कडेला बर्फात दबा धरून बसायचे, आणि वर्षभरात बोलायचे नाहीत तेवढं तिथं कुजबुजत बोलून घ्यायचे. आदल्या हिवाळ्यात बसचं दार ओढता ओढता तिच्या उजव्या हातातला जोर गेला. मग डावा हात, मग पाय. डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक नाव सांगितलं. अर्थ एवढाच, की एकेक स्नायू झोपणार आणि झोपला की उठणार नाही. आता पाळी जिभेची होती. शब्द घोगरे, एकमेकांत लडबडलेले येत. बाहेरच्याला काही कळत नसे. कळायचं ते नवऱ्याला, ड्वेनला, आणि बापाला. बापाला कळतं, असं आपलं बाप म्हणायचा.

नेस्टर शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला. दुःख झालं की हा माणूस रडत नाही, रंधा उचलतो. बायको स्टेफानिया कॅन्सरनं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्याजवळ बसायचं सोडून यानं तिला पलंगावर बसून जेवता यावं म्हणून टेबल करायला घेतलं. मेपलचं, कडेनं नक्षी कोरलेलं! टेबल झालं तेव्हा बाई उठून बसण्याच्या पलीकडं गेली होती. अशा माणसाला काय बोलणार? गाव म्हणालं, केवढं ते प्रेम. झेनिया तेव्हा काहीच म्हणाली नव्हती.

आणि आता याच्या मनानं घेतलं होतं की येत्या नोव्हेंबरात झेनियानं हरीण मारलंच पाहिजे.

रोज बदलणाऱ्या अंगाला एका मापाचा दस्ता पुरणार कसा? म्हणून त्यानं सुट्या भागांचा दस्ता आखला. मधे ॲल्युमिनियमचा कणा, तो बंदुकीच्या मागच्या खोबणीत त्याच जुन्या बोल्टनं आवळायचा. बाकी सगळं त्या कण्यावर सरकतं. खांद्याला टेकतो त्या टोकाला पातळ फळ्या, एक काढली की लांबी तेवढी कमी. गालाखालचा तुकडा वरखाली होणारा. मूठ तीन तऱ्हेची: उजव्या हाताची, डाव्या हाताची, आणि नुसत्या अंगठ्यानं चाप ओढायची. खालून एक दांडा निघे, तो चाकाच्या खुर्चीला अडकवला की निम्मं वजन खुर्चीवर. खरं सांगायचं तर काम देखणं होतं. बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता.

"जे जे जाईल ते ते आपण बदलू," तो ड्वेनला म्हणाला. "एक स्क्रू फिरवायचा, झालं."

"सगळ्यालाच स्क्रू नसतो, नेस्टर."

"म्हणून तर मी बसवतोय!"

दर रविवारी चर्चमधून ड्वेन तिला थेट नेस्टरच्या शेडमध्ये आणायचा. शेगडी पेटलेली, तिच्यासाठी बोर्श्ट, बिटाचं सूप, गाळून ठेवलेलं. रिकामी बंदूक तिच्या खांद्याला लावून नेस्टर भोवती फिरायचा, कोपर मोजायचा, मान मोजायचा, पेन्सिल कानामागं.

"तातो," ती एकदा बापाला म्हणाली, एकेक शब्द ओढत, "माप सुटाचं घेतोयस का शवपेटीचं?"

"गप ग! खांदा सैल सोड."

"सैलच आहे. दुसरं काही येतच नाही त्याला."

ड्वेन हसला. नेस्टरनं एक फळी काढली. पोर लहान असताना त्यानं तिच्या पहिल्या छोट्या बंदुकीला अशाच फळ्या लावल्या होत्या, दरवर्षी एक वाढवून. आता दर रविवारी एक कमी होत होती. हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं नाही. आलं, आणि त्यानं लगेच दुसऱ्या स्क्रूकडं लक्ष घातलं.

या सगळ्यात एक गोष्ट अशी होती, जी ड्वेनला माहीत होती आणि नेस्टरला नव्हती. छाती दमली की घशाला भोक पाडून श्वासाचं यंत्र लावायचं का, असं डॉक्टरांनी झेनियाला विचारलं होतं. ती नको म्हणाली होती. म्हणजे जगणार ती हिवाळा सरेपर्यंत, फार तर. आणि ड्वेनला तिनं बजावलं होतं, "तातोला तू सांगायचं नाहीस. मी सांगणार. माझ्या तोंडानं. तोंड आहे तोवर."

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिनं तो विषय काढला. गाल लाकडाला टेकलेला, नेस्टर पुढं वाकून दांड्याचा स्क्रू आवळत होता.

"वाझ्को, तातो," ती म्हणाली.

वाझ्को हा त्यांच्या घरातला, युक्रेनहून आलेल्या आज्यापणज्यांचा शब्द. पोतं उचलवेना तरी वाझ्को, दिवस ढकलवेना तरी वाझ्को. आपलं 'जड' जसं, अगदी तसंच. बायका शेजारणीजवळ मन मोकळं करायला बसतात ना, तेव्हा पहिला शब्द तोच निघतो. समोरची मग हातातलं टाकून जवळ सरकते.

नेस्टरनं वर पाहिलं. चेहरा कसा उजळला होता म्हणून सांगू!

"जड होतंय? पुढून का मागून?"

"तसं नाही... तातो, मला..."

शब्द अडकला, लाळ हनुवटीवर आली. नेस्टरनं खिशातल्या फडक्यानं हळूच पुसली. पुसतानासुद्धा नजर बंदुकीच्या पुढच्या टोकाकडं.

"कळलं मला. पुढचं लाकूड अक्रोडाचं आहे ना, तेच खाली ओढतंय. मी म्हणतच होतो."

"तातो. ऐक."

"ऐकलं की! तू नुसतं वाझ्को म्हणालीस आणि मला सगळं समजलं. बास. आता अर्ध्या वजनाचं करून दाखवतो."

ड्वेननं तोंड उघडलं. झेनियानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मिटलं. अरे, पण एखाद्यानं ओरडायला काय हरकत होती? बंदूक हिसकावून घ्यावी, खुर्ची बापापुढं नेऊन लावावी! पण नाही. सगळी शहाणी माणसं. झेनियानं परत सुरुवात करायला श्वास गोळा केला, तोवर हा पठ्ठ्या बोल्ट सोडवून कणा हातात घेऊन बाकाकडं गेलासुद्धा होता.

"जा तुम्ही," तो पाठमोरा म्हणाला. "गारठा वाढतोय, तिला बाधेल. मला आता इथं लागेल वेळ."

वेळ लागलाच. अक्रोड काढून त्यानं हलकं बासवूड घेतलं, आतून पोखरलं, बाहेरून तासलं. कण्याला ओळीनं भोकं पाडली. गालाचा तुकडा इतका पातळ केला की खिडकीशी धरला तर उजेड आरपार दिसावा. रविवार आले तसे गेले. चर्चलासुद्धा हा फिरकला नाही. ड्वेनचा फोन यायचा.

"नेस्टर, ती तुम्हाला बोलावतेय. जरा येऊन जा."

"आलोच. एवढं पॉलिश वाळू दे."

"पॉलिश राहू द्या हो. नुसते या."

"रिकाम्या हातानं येऊ? तिला सांग, मोसम सुरू व्हायच्या आत देतो. उतावळी आहे नुसती, लहानपणापासून!"

एकदा ड्वेननं फोन तिच्या तोंडाशी धरला. पलीकडून घरघर आली, मधे मोठी फट, पुन्हा घरघर. नेस्टरनं कान दाबून ऐकलं. एक अक्षर कळलं नाही. कळलं नाही म्हणून कबूल केलं असतं तर काय बिघडलं असतं? पण लेकीचं बोलणं आपल्याला समजेना झालं, हे त्याला तोंडानं म्हणवेना.

"हो हो, पोरी," तो म्हणाला. "होतोय हलका. अगदी पिसासारखा होतोय."

पलीकडं परत आवाज झाला, पहिल्यापेक्षा मोठा. मग फोन ठेवल्याचा खटका. नेस्टर खुशीत रंध्याकडं वळला.

मोसमाच्या आदल्या शनिवारी काम झालं. दस्ता हाताच्या एका बोटावर तोलून राहत होता. नेस्टरनं दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, आणि फ्लॅनेलमध्ये गुंडाळून तो घेऊन गेला. बंदूक घरीच ठेवली होती, आधी नुसता दस्ता दाखवायचा म्हणून. दार ड्वेननं उघडलं. त्याचा चेहरा झोप न झालेल्या माणसाचा.

झेनिया खिडकीपाशी होती. खुर्ची मागं कललेली, नाकावर श्वासाचा मुखवटा, छाती भरभर वरखाली होणारी. महिन्याभरात अर्धी झाली होती. नेस्टरनं एक क्षण पाहिलं आणि घाईघाईनं फ्लॅनेल सोडलं.

"हे बघ! धर. म्हणजे, मी धरतो, तू नुसता खांदा लाव. बघ जड लागतोय का."

दस्ता तिच्या खांद्याशी आला. मधे दोन बोटं अंतर पडलं. खांदाच तिथं नव्हता.

"फळी काढू," नेस्टर म्हणाला आणि खिशात स्क्रू-ड्रायव्हर चाचपू लागला. "एकच काढावी लागेल. आता सांग, वाझ्को नाही ना? बोल की, पोरी."

"तिला बोलता येत नाही," ड्वेन मागून म्हणाला. "गुरुवारपासून."

"गुरुवारपासून? आणि मला कुणी..."

"मी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, पॉलिश वाळतंय."

नेस्टरचा हात खिशातच राहिला.

"आणि ती बंदुकीबद्दल बोलत नव्हती," ड्वेन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "शेडमध्ये त्या दिवशी. तिला सांगायचं होतं की ती घशात श्वासाचं यंत्र लावून घेणार नाही. तुम्हाला सांगायचं, तेही स्वतः, असा तिचा हट्ट होता. मला शपथ घातली होती. फोनवरसुद्धा तेच सांगत होती."

"मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला माहीत आहे, नेस्टर. आम्ही ऐकलं ना ते."

नेस्टरनं दस्ता जमिनीवर ठेवला. स्टूल ओढून लेकीच्या समोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. हातांचं काय करावं ते त्याला कळेना. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, आणि ते कसं करतात हेच त्याला येत नव्हतं.

"डोळे मिटले की हो," ड्वेन हळू म्हणाला. "उघडे ठेवले की नाही. विचारा तुम्ही. तेवढं करते ती."

नेस्टर पुढं वाकला. मग तिनं जे बोलायला हवं होतं ते तो बोलू लागला, तिच्या वतीनं, अडखळत.

"तातो, मला यंत्र नको. असं म्हणणार होतीस?"

झेनियानं डोळे मिटले.

"तातो, तू वाद घालू नकोस. असं?"

मिटले.

"तातो, मला भीती वाटत नाही. असं?"

डोळे उघडे राहिले. कडेनं पाणी वाहू लागलं. ड्वेन पुढं झाला, पण नेस्टरनंच ते पुसलं, आणि यावेळी तो दुसरीकडं कुठं बघत नव्हता.

"भीती वाटते?"

मिटले.

"फार?"

मिटले.

"आणि मी येऊन बसावं म्हणून फोन केलास. दस्त्यासाठी नाही."

मिटले, आणि उघडायला वेळ लागला.

नेस्टरनं तिचा हात हातात घेतला. त्या हातात आता बोटंच तेवढी होती. आता त्याला एकच विचारायचं होतं, आणि ते त्यानं अशा रीतीनं विचारलं की उत्तर हवं तेच यावं.

"तातो, मी तुझ्यावर रागावले नाही. असं, ना?"

झेनियाचे डोळे उघडे होते. सरळ त्याच्याकडं लागलेले.  तिला ऐकू आलं नसेल म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. डोळे तसेच. ड्वेन खिडकीबाहेर बघू लागला.

"रागावलीस?"

तिनं डोळे मिटले. उघडले. आणि कुणी काही विचारलं नसताना पुन्हा एकदा मिटले, घट्ट.

"बरोबर आहे तुझं, पोरी," नेस्टर म्हणाला. मग तो तिचा आवाज आठवू लागला, चांगला होता तेव्हाचा, बर्फात कुजबुजतानाचा. काही केल्या तो येईना. कानात येत होती ती फोनवरची घरघर, आणि तिच्यात ती काय म्हणत होती, ते त्याला आत्तासुद्धा लागत नव्हतं.