माझी एकमेव यशस्वी पाटी

एकतीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या सांडपाणी प्रकल्पातलं मला सगळं कळतं, असा एका माणसाचा ठाम समज होता. तो माणूस म्हणजे मी.

प्रकल्प तळघरात आहे. शहाण्णव घरांचं सांडपाणी तिथल्या टाकीत येतं आणि शुद्ध होऊन बागेला जातं. तो चालवतो परभणीकडचा वैजनाथ. रोज सकाळी टाकीतलं पाणी काचेच्या बरणीत भरून तो अर्धा तास बघत बसायचा. तपकिरी गाळ खाली बसून वर नितळ पाणी दिसलं की समाधानानं मान हलवायचा. पाणी बघण्याचा पगार मिळतो, काय नशीब आहे, असं मला वाटायचं.

महापालिकेचे अधिकारी पाहणीला येणार असं कळलं आणि माझ्यातला अध्यक्ष जागा झाला. पाट्या लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. 'बटण एकदा दाबले तरी लिफ्ट येते' छापाच्या माझ्या पाट्यांनी जिना भरलाय. पाळत कोणी नाही, तो भाग वेगळा. या वेळी लिहिलं, 'उद्या पाहणी आहे. प्रत्येकाने आजच आपला संडास अ‍ॅसिड व फिनेल ओतून लख्ख करावा. आळशी सभासदांची नावे येथे झळकतील.'

नेमकी हीच पाटी शहाण्णवच्या शहाण्णव घरांनी पाळली.

सकाळी टाकी काळी पडली होती. वैजनाथ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, टाकीत जिवाणू असतात हो. तेच घाण खातात. अ‍ॅसिडनं मेले सगळे." हे मी मुलांना परीक्षेत विचारत असे, पाच गुणांना.

अधिकारी नाकाला रुमाल लावून आले आणि पंधरा दिवसांची मुदत देऊन गेले.

संध्याकाळी सभा भरली. सेक्रेटरी हेमाताई म्हणाल्या, "वैजनाथला काढून टाकू. सर, तुम्ही विषयातले. त्याचं काय चुकलं, सांगा सगळ्यांना."

वैजनाथ दाराशी उभा होता. जूनमध्येच त्यानं लेकीला, नम्रताला, इथल्या शाळेत घातलं होतं. एका शब्दानंही त्यानं माझ्या पाटीचा विषय काढला नाही. मी गप्प बसलो असतो तर निभावलं असतं, आणि खरं सांगतो, मी मिनिटभर गप्प बसलोही. मग माझी मलाच लाज वाटली.

"त्याचं काही चुकलं नाही. टाकी मी मारली," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

हेमाताईंनी चष्मा पुसला. "म्हणजे जन्मात एकदा आम्ही तुमचं ऐकलं, ते हे?"

वैजनाथ राहिला. मी मात्र दुसऱ्या सोसायटीच्या टाकीतला जिवंत जिवाणूंचा गाळ कॅनमध्ये भरून स्कूटरवरून आणत राहिलो. तेराव्या दिवशी बरणीत तपकिरी गाळ खाली बसला. अर्धा तास आम्ही दोघं बघत बसलो होतो. इतका आनंद मला कुठल्याही वर्गाच्या निकालानं दिला नव्हता.

मग मी नवी पाटी लिहिली, 'संडासात अ‍ॅसिड ओतू नये', आणि सहीसाठी पेन वैजनाथच्या हातात दिलं.

"माझी सही कशाला, सर? अध्यक्ष तुम्ही."

"लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून," मी म्हणालो.