रांगेत मागे राहिलेला निरोप

मित्रांनो, मी एक जुना निरोप्या आहे. मला पाय नाहीत. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या संगणकातला मी प्रोग्राम. १९९८ साली गिरिजाताईंनी मला लिहिले. भोकरदन, परतूरच्या डेपोंचे निरोप घ्यायचे, रांगेत लावायचे आणि जालन्याच्या टेबलावर बसणाऱ्या वसंताला एकेक दाखवायचे, हे माझे काम. फोनवर बोलणे क्वचितच जमे. मी मात्र लाइन लागेपर्यंत पुन्हा पुन्हा नंबर फिरवी. एकही निरोप हरवला नाही, म्हणून सगळे मला नावाजत.

दुसऱ्या वर्षी गिरिजाताईंनी माझ्यात एक सुधारणा केली. ज्या निरोपात ‘तातडी’ हा शब्द असेल, तो मी पुढे न्यायचा. पेरणीच्या दिवसांत डेपोवाले तो सर्रास लिहू लागले.

त्या जूनमध्ये सकाळी नऊला भोकरदन डेपोतून वसंताच्या गावच्या अप्पारावांचा निरोप आला : ‘वसंताच्या आईची तब्येत बरी नाही. त्याला पिंपळगावला पाठवून द्या.’ त्यात तो शब्द नव्हता. मी निरोप मागे ठेवला. पुढे कपाशीच्या बियाण्याचे ‘तातडी’ लिहिलेले त्रेसष्ट निरोप होते, आणि तसेच नवे येतच होते. वसंताने तो वाचला तेव्हा चार वाजले होते.

वसंताच्या आई सगुणाबाई पहाटेच गेल्या होत्या. गावाने दिवस मावळेपर्यंत मुलाची वाट पाहिली. तो पोचला तेव्हा चिता पेटलेली होती.

तेराव्यानंतर अप्पाराव कचेरीत आले.

“अप्पाकाका, तातडी का न्हाई लिहिलं?” वसंताने विचारले.

“कसं लिहू, बाबा? तू लगेच वळखलं असतं. एकटा एस.टी.त, रस्त्यातच कोसळला असता. मेल्याची खबर अशी धाडतेत का आपल्यात?”

“तोंड तरी दिसलं असतं, काका.”

गिरिजाताई हळूच म्हणाल्या, “शब्द मी ठरवला. कुणाला विचारलंच नाही.”

त्यांनी त्याच दिवशी ‘बरी नाही’ हे शब्द मला शिकवले. वसंताने सगळी रांग बघण्याची सोय मागून घेतली. रोज सकाळी तो सर्वांत मागचा निरोप आधी वाचत असे.

आता मी कपाटातल्या एका डिस्कवर पडून आहे. नव्या प्रोग्रामला माझ्यापेक्षा पुष्कळ येते. उद्या त्याला तुम्ही घडवाल. मित्रांनो, त्याला शब्द शिकवण्याआधी आपल्या माणसांत जाऊन बसा. वाईट बातमी ही माणसे कशी सांगतात, ते विचारा. मला ते ठाऊक असते, तर वसंता दुपारीच आईपाशी पोचला असता.