आजोबा कुठेच नाहीत!

मी वृद्धनिवासाच्या कचेरीतला डेटाबेस बोलतोय. टेबलाखालच्या घरघरणाऱ्या डब्यात माझा मुक्काम. दिसायला मी काहीच नाही, पण कुणाची खाट कुठली, कुणाला कुठली गोळी, सगळं माझ्याकडे. स्वयंपाकघरातलं ताटसुद्धा माझ्या शब्दावर निघतं!

मला घडवणाऱ्या प्रोग्रामरनं जन्मतःच शिस्त लावली: काम करायचं तर पुरतं, नाहीतर मुळीच नाही. खोली बदलायची म्हणजे जुन्या खाटेवरून नाव काढायचं, नव्या खाटेवर चढवायचं. चढवताना अडलं, तर मी काढलेलं नावही परत ठेवतो आणि लाल अक्षरांत कारण सांगतो.

कचेरीतल्या बाईंना ती लाल अक्षरं बघवत नसत. "सारखी काय कटकट याची? गप्प बसवा त्याला!"

प्रोग्रामरही वैतागलेला. त्यानं मला बजावलं: चूक आली तर गिळून टाक, झालं तेवढं ठेव, पुढे चल. तोंडात बोळाच कोंबला म्हणा ना. मला भयंकर राग आला, पण सांगतो कुणाला?

आमच्याकडच्या एका जोडप्यातल्या आजींचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून त्या तळमजल्यावर. आजोबा वर एकटे, जीव सगळा खाली. शेवटी आजींच्या शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या, "मी जाते वर. तेवढीच मला गॅलरी."

कचेरीतल्या बाईंनी माझ्या नोंदींत आधी आजोबांना हलवलं. वरच्या खाटेवरून नाव निघालं. खालच्या खाटेवर अजून नर्सबाईच, त्यामुळे चढलं नाही. ओरडणार कसा? बोळा! मग नर्सबाई बिनबोभाट वर गेल्या. माझ्या लेखी खालची खाट रिकामी आणि आजोबा कुठेच नाहीत.

दुपारी खोलीत ताट एकच आलं. आजींनी त्यातलं अर्धं आजोबांपुढे सरकवलं. तेवढ्यात दारात बॅग घेऊन एक नव्या बाई उभ्या. "ही खाट मला दिलीय."

आजोबा म्हणाले, "अगं, मी मेलो की काय? मला कुणी कळवलं कसं नाही?"

आजींना हसू आलं नाही. त्यांनी आजोबांचं मनगट घट्ट धरलं.

प्रोग्रामर धावत आला. पडद्यात डोकं घातलं आणि खजील झाला. "बाई, हा बिचारा सांगणार होता. आपणच त्याचं तोंड बांधलं."

त्यानं बोळा काढला आणि माझ्या नोंदींत सगळ्यांना सकाळच्या जागी परत बसवलं. मग नर्सबाई वर, आजोबा खाली, नव्या बाई शेजारच्या खोलीत, अशी तिन्ही कामं एका गाठीत बांधली.

आजींनी विचारलं, "पुन्हा हरवणार नाहीत ना हे?"

"नाही आजी. जमलं तर सगळं, नाहीतर सगळे जिथल्या तिथे."

"म्हणजे काही झालं तरी कुठेतरी असतील?"

"असतील."

"मग कर."

आणि अडलंच! मी तिन्ही कामं मागे घेतली, आजोबांना अलगद वरच्या खाटेवर ठेवलं आणि लाल अक्षरांत ओरडलो. बाईंनी पहिल्यांदाच चष्मा लावून वाचलं: शेजारच्या खोलीतली खाट दुरुस्तीला गेली आहे.

"अय्या, खरंच की!" त्यांनी नव्या बाईंना कोपऱ्यातली खोली दिली. या वेळी गाठ पक्की बसली.

आता मी पुन्हा मोकळेपणानं कटकट करतो. तुमच्याही कचेरीत माझा एखादा भाऊबंद असेल. तो लाल झाला तर त्याचं तोंड बांधू नका, काय म्हणतोय ते वाचा. तेवढ्या वेळात तो कुणाच्या तरी आजोबांना धरून बसलेला असतो.