काढलेले दिवस

[खिडकीआड: तारा]

दातवालीनं कवळी नळाखाली धरली आणि ब्रश फिरवणार तोच थांबली. वरच्या पट्टीत, दाढांमधल्या खाचेत, काहीतरी तपकिरी अडकलं होतं. तिनं नखानं उकरलं. मऊ होतं. नाकाशी नेलं.

चॉकलेट.

तिनं नळ बंद केला. सासऱ्यांनी अंथरूण धरल्यापासून ही कवळी वाडग्यातल्या पाण्यात पडून होती. रोज सकाळी पाणी बदलायचं, कवळी धुवायची, पुन्हा बुडवायची. तशी गरज काहीच नव्हती, पण स्वतःच्या हातानं घडवलेली वस्तू बुळबुळीत होऊ द्यायला तिचं मन घेत नव्हतं. सासरे पडेपर्यंत दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या करायची, म्हणून तर अख्खी गल्ली तिला दातवाली म्हणे. आणि सासरे? झटका आल्यापासून त्यांचा उजवा हात चादरीवर जिथे ठेवावा तिथेच राही. खाणं म्हणजे चमच्यानं भरवलेलं पातळ काहीतरी, त्यातलंही निम्मं गालावरून उशीवर.

"खारू!"

खारू दप्तर भरत होती. दातवालीची ही एकुलती एक मुलगी. खाऊ गालात साठवून ठेवायची सवय, म्हणून खारूताई, आणि हाक मारायला खारू.

"आजोबांच्या कवळीशी खेळलीस?"

"नाही."

"मग तिला चॉकलेट कसं लागलं?"

"खाल्ल्यावर लागतं," खारू म्हणाली आणि दप्तराची चेन ओढून घेतली.

[खिडकीआड: घंटा]

रविवारी नणंद आली आणि विषय निघाला. निघाला म्हणजे दातवालीनंच काढला, कारण खारूचं ते चॉकलेटांचं कॅलेंडर नणंदेनंच आणलेलं होतं. जाड पुठ्ठ्यावर बर्फातल्या घराचं चित्र, घराला खिडक्याच खिडक्या, डिसेंबरच्या एकेका दिवसाची एकेक. आजच्या आकड्याची खिडकी उघडायची, आतलं चॉकलेट खायचं, आणि असं करत करत नाताळपर्यंत पोचायचं. आत कधी तारा निघे, कधी घंटा. चव सगळ्यांची एकच.

"वन्सं, रागावू नका," दातवाली म्हणाली, "पण एकदम डबाभर दिली असतीत तरी चाललं असतं. एकदा खाल्लं, एकदा चूळ भरली, मिटलं. हे म्हणजे रोज सकाळी थोडं थोडं किडवायचं."

"वहिनी, तुम्हाला माणसात फक्त दातच दिसतात. माझ्या लग्नाच्या फोटोतही तुम्ही नवरदेवाचा सुळा बघत होतात."

"वाकडाच होता तो."

"मला तर आवडलं बुवा हे," नवरा म्हणाला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो. लोकांना दम नसतो, बटण एकदा दाबून भागत नाही, हा त्याचा जगावरचा मुख्य राग. "पोरांना धीर धरायला शिकवतं. आजची खिडकी आज, उद्याची उद्या. आपल्याला कोण देत होतं असलं काही?"

"धीरबीर काही नाही रे दादा. सकाळी डोळे उघडायला माणसाला काहीतरी कारण लागतं. मला कुणी असं दिलं असतं ना, तर मी रोज वेळेवर उठले असते."

"तुला कॅलेंडर नाही, भोंगा लागतो."

सगळे हसले. हसता हसता नवऱ्यानं कपाटावरून कॅलेंडर खाली घेतलं आणि त्याचं हसू राहून गेलं.

"याची झाकणं कुठायत?"

खिडक्या नुसत्या उघडलेल्या नव्हत्या. त्यांची झाकणं मुळापासून काढून टाकलेली होती. पुठ्ठ्याला चौकोनी भोकं पडली होती, आणि त्यांच्या कडा सरळ होत्या. अगदी सरळ.

"खारू, किती खाल्लीस गं?"

"एकपण नाही. आजोबा काढतात."

"काय काढतात?"

"दिवस."

नणंदेनं कप खाली ठेवला. खारूनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढी साधी गोष्ट या मोठ्या माणसांना कळू नये, असा तिचा चेहरा.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना दारात, आजोबा हा महिना काढतील म्हणून. मी तिथेच बूट घालत होते. पण त्यांच्याकडे काढायला महिनाच नव्हता. मग मी माझा दिला."

नवरा उठून खिडकीशी गेला आणि बाहेर बघत राहिला. नणंद एकदा हसली, मग पदर डोळ्यांना लावला, मग खारूला जवळ ओढून तिचे इतके मुके घेतले की पोर गुदमरली.

"तिला नीट समजावून सांग," नवरा तिकडे तोंड ठेवूनच म्हणाला.

दातवाली त्या कडांवरून बोट फिरवत होती. सासऱ्यांचा जन्म कापडाच्या दुकानात गेला होता. मापाशी कात्रीनं एवढीशी काट मारायची आणि मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. एका धाग्याचा फरक पडत नसे. गिऱ्हाईक म्हणायचं, कापून द्या हो, तर ते म्हणायचे, कात्री चुकते.

लहान मुलाच्या हातून पुठ्ठा असा फाटत नाही.

[खिडकीआड: घोडा]

सोमवारी सकाळी ती आतल्या खोलीच्या दाराआड उभी राहिली.

खारू स्टुलावर चढली. वाडग्यातून कवळी काढली, फ्रॉकला पुसली आणि आजोबांच्या तोंडात बसवली. आधी खालची, मग वरची, अंगठ्यानं दाबून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग तिनं कॅलेंडर त्यांच्या छातीशी उभं धरलं.

"आजचा घोडा असेल," ती म्हणाली. "काल मला वास आला."

उजवा हात उठला.

हात उठतो तसा तो उठला नाही. पाण्यात दाबून धरलेली वस्तू सोडून द्यावी आणि ती आपसूक वर यावी, तसा आला. बोटं पुठ्ठ्यावरून सरकत गेली, आकड्याशी थांबली, नखानं काट शोधली. टर्र. झाकण चादरीवर पडलं. चॉकलेट तोंडात गेलं आणि कवळीचा आवाज सुरू झाला. संथ. दातवालीनं स्वतः घासून जुळवलेल्या दाढा एकमेकींवर बरोबर बसत होत्या.

घोडा संपला. हात पुन्हा चादरीवर पडला, कालच्या जागी, कालच्या घडीवर.

मग सासऱ्यांचे डोळे वळले. खारूकडे नाही. दाराकडे.

[खिडकीआड: शिंपला]

तिनं हे कुणालाही सांगितलं नाही.

[खिडकीआड: किल्ली]

डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, सोडली, पुन्हा धरली.

"नवीन काही देताय का यांना?"

"नाही," दातवाली म्हणाली.

"कमाल आहे. छाती साफ, रंग बघा चेहऱ्याचा. आता ते महिन्याचं मी बोलत नाही हं. वर्ष काढतील. वर्षं काढतील कदाचित."

नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंचा हात हातात घेतला आणि सोडायलाच विसरला. नणंदेला फोन गेला, आणि संध्याकाळच्या आत ती कॅलेंडरांचा गठ्ठा घेऊन हजर. दुकानात होती नव्हती तेवढी उचलून आणलेली.

"लोक हसतील तर हसू देत म्हणावं. बाबांना काढायचेत ना दिवस? काढू देत!"

सगळे आतल्या खोलीत गोळा झालेले असताना दातवालीचा फोन वाजला. ती स्वयंपाकघरात आली. लॅबचे मालक होते.

"काय दातवालीबाई, एक तारखेपासून नक्की ना?"

आता हे सांगायलाच हवं. डॉक्टरीणबाई दारात हळूच "हा महिना काढतील" म्हणाल्या, त्याच दिवशी दातवालीनं लॅबमध्ये कळवून टाकलं होतं: जानेवारीपासून येते. कुणी विचारलं नव्हतं. आणि त्या संध्याकाळी, सासऱ्यांची चादर बदलून झाल्यावर, तिनं कपाटाच्या तळातून लॅबचा पांढरा कोट काढला, पाणी शिंपडून कडक इस्त्री केली आणि दाराच्या मागे टांगला. इस्त्री करताना ती गुणगुणत होती. लक्षात आल्यावर गप्प झाली.

"तुमची खुर्ची रिकामी ठेवलीय," मालक म्हणत होते. "पण कायमची नाही ठेवता यायची. जमणार नसेल तर तसं सांगा, मी दुसरी बघतो. राग नाही."

"नक्की येते," ती म्हणाली.

वळली तर दारात खारू. हातात हनुवटीपर्यंत गठ्ठा.

"आई, हे सगळे पुरतील ना गं त्यांना?"

[पक्षी, शिडी, छत्री, मासा]

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात ती आणि सासरे, दोघंच.

ती कचऱ्याची मोठी पिशवी घेऊन आत गेली. गठ्ठा पलंगाशेजारी रचलेला होता. आपण काय करतोय हे तिनं मनाशीसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नाही. खारूला सांगता येईल, की मुंग्या लागल्या होत्या. वन्संना सांगता येईल, की डॉक्टरांनीच गोड…

पहिलं कॅलेंडर तिनं मधोमध दुमडलं. पुठ्ठा कडाडला.

सासऱ्यांचं तोंड उघडलं.

कवळी नव्हती. नुसत्या हिरड्या, गुलाबी, ओल्या. घरट्यातल्या पिल्लाचं असतं तसं उघडं तोंड, आणि नजर तिच्यावर. ती हलली नाही. तेही हलले नाहीत. तोंड तसंच उघडं राहिलं आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं, की ते मागत नव्हते. ते बोलायचा प्रयत्न करत होते.

"काय, बाबा?"

आवाज आला नाही. तोंड मिटलं. मग हात उठला.

ती पलंगाच्या कडेला बसली, दुमडलेलं कॅलेंडर सरळ केलं आणि त्यांच्या छातीशी नेलं. बोटांनी काट शोधली. टर्र. आत पक्षी होता. त्यांनी तो दोन बोटांत धरला, आणि ती कवळी घ्यायला वाडग्याकडे वाकली तशी तिच्या ओठांना काहीतरी लागलं.

"मला नको, बाबा. तुमचं आहे ते."

बोटं मागे गेली नाहीत. इतके दिवस निपचित पडलेल्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. ओठ दातांवर दाबले गेले. चॉकलेट विरघळायला लागलं, हनुवटीवर आलं. ते बघत होते. ती लग्न होऊन आली तेव्हा दिवाणखान्यातल्या पहिल्या गप्पांत, सगळे तिला प्रश्न विचारत असताना, हा एक माणूस असाच काही न बोलता बघत बसला होता. तेव्हाही तिला वाटलं होतं, की यांना सगळं दिसतंय.

तिनं पक्षी खाल्ला.

गोड. मेणचट. म्हाताऱ्या बोटांची किंचित खारट चव.

टर्र. शिडी.

तिनं त्यांच्या तोंडाकडे नेऊन पाहिली. ओठ शिवल्यासारखे बंद. चमचा पुढे करावा तशी तिनं ती ओठांवर टेकवली, आर्जवानं दाबली. त्यांनी मान फिरवली. आजारी माणसासारखी नाही. दुकानदार भाव पटला नाही की फिरवतो, तशी. मग तिच्याच हातातून शिडी काढून घेऊन त्यांनी ती तिच्या तोंडाशी धरली.

"बाबा, खारूला काय सांगू मी?"

बोटं वाट बघत राहिली.

शिडी संपली तेव्हा तिला जाणवलं, की कमरेत कित्येक महिने बसलेली कळ थोडी सैल झालीये. छत्री संपली तेव्हा ती कळ कुठे होती तेही आठवेना. हाताला, पायाला झोप पुरी झाल्यासारखं वाटत होतं. समोर सासऱ्यांचा श्वास खिडकीगणिक लांबत चालला होता. एक यायचा. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

कॅलेंडर खाली ठेवता आलं असतं. पिशवी पायाशी उघडीच होती. नवऱ्याला फोन करता आला असता, डॉक्टरीणबाईंना करता आला असता, नुसतं उठून स्वयंपाकघरात जाऊन उभं राहता आलं असतं. खाली रस्त्यावर शाळेची बस येऊन थांबली, दार उघडलं, मुलांचा गलका झाला. तिला तो सगळा ऐकू आला, वेगवेगळा, एकेका मुलाचा.

बोटांना पुढची काट सापडत नव्हती. ती पुठ्ठ्यावरून घसरत होती, थांबत होती, पुन्हा चाचपत होती.

दातवालीनं तोंडातला मासा गिळला आणि कॅलेंडर जरासं तिरपं केलं, त्यांना नीट धरता यावं म्हणून.