माझ्या पात्याखाली गेलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी कटिंग मशीन आहे, आणि माझ्या हातून एका माणसाचं वाईट झालंय. ते आधीच सांगते, नाहीतर स्वतःचं कौतुक करण्यातच वेळ जायचा.

मी अख्खी लोखंडाची. पोटात लांब पातं, डोक्यावर चाक, मागे एक पट्टी. कागदाचा गठ्ठा पट्टीला टेकवायचा, चाक फिरवायचं, की कडा सफाचट. या छापखान्यात आले तेव्हा मला उचलताना चार माणसं घामाघूम झाली होती. गिऱ्हाईक म्हणायचं, "लोण्यासारखं कापते हो!" मी लगेच फुगायचे.

पुढे मालक तेल द्यायला विसरायला लागले. पट्टीचा स्क्रू ढिला झाला. मला कळत होतं. जरा करकरले असते तर कोणीतरी वाकून बघितलं असतं. पण म्हातारी झाली म्हणून भंगारात घालतील, या भीतीने मी तोंड शिवून बसले.

अशात एक दिवस चष्मेवाली आली. चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे नंबर तपासायची. काखेत हाताने लिहिलेलं बाड.

"शंभर प्रती छापायच्यात," ती म्हणाली. "दोन पुरुषांची प्रेमकथा आहे. एक लिफ्ट दुरुस्त करतो, एक घड्याळं."

"सिरियलमधले आहेत का कोण?" मालकांनी विचारलं.

"नाही. माझ्या डोक्यातले."

"मग कोण वाचणार बाई? लोक ओळखीच्या हिरोंच्या जोड्या लावून लिहितात, ते हातोहात जातं म्हणे. तुझ्या या दोघांना कोण ओळखतं?"

"वाचल्यावर ओळखतील की. तुम्हाला काय जन्मल्या जन्मल्या सगळे ओळखत होते?"

मालकांनी बाड ओढून पानं मोजायला घेतली. त्यांची बहीण मागे खळ लावत बसली होती, ती खो खो हसली. तिला सगळे आत्या म्हणायचे. बांधणी आणि कापणी तिच्याकडेच.

चष्मेवालीने वाचक कसे शोधले माहितीये? चष्म्याच्या डब्यांत चिठ्ठ्या टाकल्या. 'अशी अशी गोष्ट आहे, वाचणार का?' बाराजणांची उत्तरं आली. बाराव्याने एवढंच लिहिलं होतं, 'शेवटी दोघं एकत्र राहणार असतील तरच पाठवा. दुसरं खूप वाचून झालंय.' तिने ते कार्ड आत्याला दाखवलं आणि म्हणाली, "याच्यासाठी तरी छापायचंच."

आता माझं पाप ऐका.

छापलेला मोठा कागद घड्या घालून येतो, त्याला फर्मा म्हणतात. कडा कापल्याशिवाय त्याची आतली पानं उघडत नाहीत. आत्या फटींतून डोकावत, मान वाकडी करून गोष्ट वाचत होती. शेवटचा फर्मा काही वाचता येईना. एरवी ती आधी एक रद्दी प्रत कापून बघायची, तो आमच्याकडचा नियमच. त्या दिवशी तिला धीर नव्हता. "राहू दे, आधी यांचं काय होतं ते बघू दे," म्हणत तिने थेट खरा गठ्ठा लावला.

पट्टी सरकली. मला कळलं. आणि मी लोण्यासारखं कापलं.

सगळ्या पानांचे खालचे आकडे गेले. पण शेवटच्या पानावर, जागा पुरत नव्हती म्हणून, एक ओळ आकड्याच्या जागी दाबून बसवली होती. ती कातरणाच्या टोपल्यात पडली. आत्याने शेवट वाचला. 'घड्याळवाल्याने शटर ओढलं आणि मागे न बघता तो चालायला लागला.' तिने पदराने डोळे पुसले. "झालं. हे पण वेगळेच झाले. असल्यांचं असंच होतं."

बघा मित्रांनो, चुकलंय असं कोणाला वाटलंच नाही! याचाच मला जास्त राग येतो. बारा प्रती दुपारीच टपालात गेल्या.

संध्याकाळी चष्मेवाली आली. पुस्तक हुंगलं, शेवटचं पान उघडलं आणि किंचाळली, "आत्या, माझी ओळ कुठाय?"

"म्हणजे पुढे आहे?" आत्या टोपल्याकडे धावली. मग दोघींनी टोपलं पालथं केलं. त्या ओळीची एकेक कागदी पट्टी वेचून अठ्ठ्याऐंशी प्रतींत चिकटवली. आत्या सारखी म्हणत होती, "माझीच घाई नडली गं." खोटं. माझं गप्प बसणं नडलं.

उरलेल्या बारा पट्ट्या त्यांनी पाकिटात घालून पाठवल्या. अकराजणांची पत्रं आली. एकाने शिव्या घातल्या. एकीने आधीच रागाने स्वतःचा शेवट लिहिला होता, तो तिने पाठवला. मग लिफ्टवाल्याच्या लहानपणाबद्दल कोणी लिहिलं, घड्याळवाल्याच्या आईबद्दल कोणी. त्या दोघांना ओळखणारी माणसं झाली की हो! चष्मेवाली पत्रं वाचून नाचली.

त्या बाराव्याचं पाकीट मात्र परत आलं. वर लिहिलेलं, 'माणूस घर सोडून गेला.' पुस्तक आधीच पोचलं होतं त्याला. ओळ नाही पोचली.

आत्याने ती पट्टी माझ्याच अंगावर चिकटवून ठेवलीय. स्क्रू आता घट्ट आहे. ढिला झाला तर मी बोंबलते, खुशाल भंगारात घाला. मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू करकरली तर तिच्यावर खेकसू नका, वाकून बघा.

आणि कधी कोणाकडे ते पुस्तक दिसलं, पानांवर आकडे नसलेलं, शटरपाशी संपणारं, तर त्याला सांगा. पुढे एक ओळ आहे. ती मला पाठ झालीय.

'चार पावलांवर लिफ्टवाला त्याचा डबा हातात घेऊन उभा होता. मग दोघं घरी गेले.'