आसिमो आणि लोखंडी पत्रा

मार्चमधल्या एका सकाळी आन्थीने परसात लोखंडी पत्रा टाकला आणि गावाला बोलायला विषय मिळाला. दोन जुन्या टायरांवर आडवा टाकलेला तो पत्रा पाय पडला की हलायचा, ठणठण वाजायचा. आन्थीच्या कडेवर दीड वर्षाची रिनी, खिशात सुकी अंजिरं, आणि समोर सासऱ्यांची करडी गाढवीण आसिमो, चारी पाय रोवून उभी.

कॉफीवाला लांब्रोस कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला, "सूनबाई, नाच शिकवतेयस की काय तिला?"

"बोटीत चढायला शिकवतेय, काका."

"अस्सं. मग तिकीट पहिल्या वर्गाचं काढ. म्हातारी आहे, उभ्याने जायची नाही."

आन्थी हसली आणि पुन्हा पत्र्याकडे वळली.

तीन उन्हाळ्यांपूर्वी डोंगरावरचं पाइनचं रान पेटलं आणि सगळं गाव धक्क्यावर आलं. बोट लागली, तिचा लोखंडी पत्रा खाली आला, माणसं चढली. आसिमो मात्र त्या पत्र्यापाशी थबकली. सासऱ्यांनी, स्टाथिसबाबांनी, दावं ओढलं, दोघा खलाशांनी मागून रेटलं. जितकं ओढावं तितकी ती मागे रेलायची. शेवटी बोट सुटली. बाबा मागे राहिले. संध्याकाळपर्यंत आसिमोच्या गळ्यात हात टाकून, डोक्यावर ओलं पोतं घेऊन छातीभर समुद्रात उभे होते. दोघंही वाचली, पण तो धूर बाबांच्या छातीत राहायलाच आला. "पुन्हा असा धूर गेला तर यांचं काही खरं नाही," डॉक्टरांनी आन्थीला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

आणि बाबांचं एकच पालुपद. "तिला टाकून मी जायचो नाही, पोरी. चोवीस वर्षं ऑलिव्हची पोती वाहिलीत तिनं. तू तुझं लेकरू घे आणि जा."

म्हणून तो पत्रा.

रिनीचं दूध तापेपर्यंतचा वेळ तेवढा आन्थीचा. पहिला आठवडा आसिमो जवळसुद्धा फिरकली नाही. मग पत्र्याच्या काठावर ठेवलेलं अंजीर मान लांब करून उचलू लागली. दावं हातात घेतलं की ती दगड होते, हे आन्थीच्या लक्षात आलं. म्हणून तिने दावंच काढलं. पत्र्यावर चढायचं, टाच दोनदा आपटायची आणि मागे न बघता पलीकडे निघून जायचं.

"माझं ऐकत नाही ती, तुझं काय ऐकणार," बाबा खिडकीतून खोकत म्हणायचे.

ईस्टरला पुढचे दोन पाय आले. जूनमध्ये चारही. जुलैत तर आसिमो सकाळी आपणहून पत्र्यावर येऊन उभी राहायची, उशीर का झाला म्हणून विचारल्यासारखी. रिनी तिला 'ठण' म्हणायला लागली. दारामागे एक पिशवी टांगलेली असायची. तिच्यात आसिमोचं औषध, तिचे कागद, पाण्याची बादली आणि मूठभर अंजीर.

ऑगस्टमध्ये, भर दुपारी, गावातले सगळे फोन वणव्याचा इशारा देत एकदम किंचाळले. डोंगराची कड तांबडी झाली होती. आन्थीने रिनीला पाठीशी बांधलं, पिशवी उचलली. बाबा आधीच आसिमोपाशी होते. दहा मिनिटांत सगळी धक्क्यावर.

"आधी माणसं," खलाशी म्हणाला. बरोबरच होतं. माणसं चढली. राहिली आन्थी, बाबा, आसिमो आणि तीन शेळ्यांशी झुंजणारा लांब्रोस. माथ्यावरून राख पडू लागली. बोटीच्या पत्र्यापाशी आसिमो थांबली. बाबांनी दावं मनगटाला गुंडाळलं आणि ओढलं. तिने पाय रोवले.

"बाबा, दावं सोडा."

"पळाली तर?"

"नाही पळणार. सोडा."

बाबांनी मनगट मोकळं केलं आणि दावं गळ्यातून काढून घेतलं.

आन्थी पत्र्यावर चढली. टाच दोनदा आपटली. ठण, ठण. मागे बघायचं नव्हतं, तिने बघितलं नाही. एक, दोन, तीन पावलं. पाठीवरून रिनी मान वळवून हसली आणि म्हणाली, "ठण."

मग पत्रा वाजला. चार खुरांनी, सावकाश, रोजच्यासारखा.

बोटीवर कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. आसिमो चढते आहे हे बघून शेळ्यांनीही ओढाताण सोडली आणि एकीमागे एक तिच्या शेपटीपाठी चढल्या. लांब्रोसच्या हातात नुसते दोर राहिले. बाबा शेवटी आले, दावं खांद्यावर टाकून, नवरदेवासारखे ताठ. बोटीने भोंगा दिला. धक्क्यावर एकही जीव उरला नव्हता.

लांब्रोस घाम पुसत जवळ आला. "सूनबाई, पहिला वर्ग कुठंशी आहे?"

"तुम्ही आता उभ्यानेच या, काका."

बाबा हसले, हसता हसता खोकले आणि पुन्हा हसले. आन्थीने रिनीला खाली सोडलं. पोरीने लोखंडी जमिनीकडे बघितलं आणि आपली इवलीशी चप्पल दोनदा आपटली. आसिमो गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी गेली आणि तिच्या फ्रॉकच्या खिशात अंजीर शोधू लागली.